मुंबई ते नागपूर: किती किलोमीटर, किती तास?

मुंबईहून नागपूर किती लांब, या प्रश्नाची पाच उत्तरं मी आजवर ऐकली आहेत आणि पाचही खरी आहेत. रेल्वे ८३७ किलोमीटर सांगते. समृद्धी महामार्ग ७०१ सांगतो. धुळे-अमरावतीच्या जुन्या रस्त्याने ट्रक नेणारा आठशेच्या वरचा आकडा सांगतो. दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ ओढली तर ती सुमारे ६८३ किलोमीटर भरते. आणि नागपुरात धरमपेठेत राहणारी माझी मावशी नुसतं म्हणते, ‘एक रात्र.’

मी नागपूरचा. गेली बावीस वर्षं डोंबिवलीत राहतो. या दोन गावांमधलं अंतर मी पुस्तकात वाचण्याआधी अंगावर घेतलं आहे. म्हणूनच कुणी फोनवर दोन गावांची नावं टाकतो, एक आकडा वाचतो आणि ‘विमानाने दीड तास’ असं म्हणून मोकळा होतो, तेव्हा मला थांबवून सांगावंसं वाटतं, की हे उत्तर बरोबर आहे, पण प्रश्न वेगळा होता. विचारणाऱ्याला पोहोचायचं असतं, आणि आकडा फक्त उडण्याचा असतो. या दोन्हींत केवढं अंतर आहे आणि ते कुठे साठलं आहे, हे मुंबई-नागपूर या एकाच जोडीवर तपासून पाहू.

आधी सरळ रेघेचं बघू. मुंबईचा विमानतळ साधारण १९.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७२.९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा २१.१ आणि ७९.०५ वर. म्हणजे उत्तरेकडे दोन अंश आणि पूर्वेकडे सव्वासहा अंशांच्या आत-बाहेर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचे अंश मात्र ध्रुवाकडे जाताना एकमेकांजवळ येतात, त्यामुळे आपल्या पट्ट्यात तो अंश १०४-१०५ किलोमीटरचाच उरतो. उत्तरेचे २२२ आणि पूर्वेचे ६४६ या दोन बाजू घेऊन शाळेतलं पायथागोरसचं प्रमेय लावलं तरी उत्तर ६८३ च्या आसपास येतं. पृथ्वी गोल असल्यामुळे लांबच्या प्रवासात असा सपाट हिशेब चालत नाही. मुंबई-न्यूयॉर्क या साडेबारा हजार किलोमीटरांच्या वाटेवर विमान युरोपच्या अंगाने वर चढून जातं, आणि सपाट नकाशावर जी वाट वाकडी दिसते तीच गोलावर सर्वांत जवळची असते. मुंबई-नागपूरसाठी ही गोलाई जवळजवळ विसरली तरी चालेल. विमान दहा-अकरा किलोमीटर उंचीवरून जातं म्हणून वाट लांबते का, असं मला एका शाळकरी मुलाने विचारलं होतं. लांबते, पण या अंतरात जेमतेम एक किलोमीटरने. वैमानिक याच वाटेला ३६९ नॉटिकल मैल म्हणतात. एक नॉटिकल मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग.

ही मोजमापं आज फुकट मिळतात. ती मिळवताना माणसं खर्ची पडली आणि त्यांतला एक आपल्याच मातीत आहे. विल्यम लँबटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला सुरुवात केली आणि दक्षिणेपासून भारत त्रिकोणात्रिकोणाने मोजत वर आणला. हैदराबादहून नागपूरकडे निघालेला हा म्हातारा सर्वेक्षक जानेवारी १८२३ मध्ये वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वर्धा-नागपूर रस्त्याने इतक्या वेळा जाऊनही मला हे फार उशिरा कळलं, याची मला खंत आहे.

नागपूरचा झिरो माईल दगडही याच परंपरेतला. भारताचा मध्य इथे, म्हणून लोक तिथे फोटो काढतात. तिथल्या षट्कोनी पायथ्यावर मात्र थांबून वाचावं असं काही कोरलेलं आहे: हैदराबाद, चांदा, जबलपूर, शिवनी, छिंदवाडा, बैतूल अशा गावांची मैलांतली अंतरं. जबलपूर १७० मैल, हैदराबाद ३१८. मुंबई त्या यादीत नाही. तेव्हाचं नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं आणि त्याचं तोंड जबलपूरकडे होतं. मुंबई अंतराने आजएवढीच दूर होती, पण कामाने आणखी दूर. १९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात आला आणि ज्या गावाचं अंतर कोरायची कुणाला गरज वाटली नव्हती, तेच राजधानी झालं. त्याआधी २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात, सरकारने ठरावीक काळ नागपूरला बसावं आणि विधिमंडळाचं वर्षातलं किमान एक अधिवेशन तिथे व्हावं, असं ठरलं होतं. नागपूरचं हिवाळी अधिवेशन त्या कराराने आलं. मी तर त्याला अंतराची कबुलीच म्हणेन. राजधानी इतकी लांब आहे की वर्षातून एकदा तिनेच तुमच्याकडे यावं, हे राज्याने लेखी मान्य केलं.

जुनी मराठी या बाबतीत आपल्यापेक्षा शहाणी होती. ‘मजल’ म्हणजे एका दिवसाची चाल. बखरींतली फौज ‘मजल दरमजल’ करीत जाते, कारण चालणाऱ्याला कोसांपेक्षा मुक्काम किती पडणार हे महत्त्वाचं. घाटात मजल लहान, पठारावर मोठी. अंतर आणि वेळ ही दोन वेगळी मापं आहेत असं त्या भाषेला वाटतच नव्हतं. मावशीची ‘एक रात्र’ त्याच घराण्यातली आहे.

ती रात्र रेल्वेची. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ३४ किलोमीटर गाडी धावली, १८६५ मध्ये कसाऱ्याचा थळ घाट चढून झाला आणि १८६७ मध्ये रूळ नागपूरला पोहोचले. चौदा वर्षांत ८३७ किलोमीटर. सरळ रेघेपेक्षा हा मार्ग दीडशे किलोमीटरहून जास्त लांब का, याचं उत्तर नकाशात दिसतं. मनमाड-जळगाव-भुसावळ असा तो आधी वर खानदेशात जातो, मग अकोला-बडनेरा-वर्धा असा वऱ्हाडातून उतरतो आणि शेवटी परत वर नागपूरला चढतो. ही वाट कापसाची आहे. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने तिकडचा कापूस बंद पडला होता आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडचा माल हवा होता. दोन शहरं जोडायची असती तर रेघ वेगळी पडली असती. आपण आजही प्रत्येक प्रवासात त्या कापसासाठी वळसा घालतो. घाटात १:३७ चा चढ आहे, म्हणून गाडीला जादा इंजिनं जोडावी लागतात. दुरांतो हे अंतर सुमारे अकरा तासांत कापते, विदर्भ एक्स्प्रेससारखी गाडी चौदा-पंधरा तास घेते. ऐकायला ते खूप वाटतात, पण त्यांतले सात-आठ तास माणूस झोपलेला असतो आणि झोपेचे तास कुणी प्रवासाच्या खात्यात धरत नाही. मावशीचा हिशेब इथे पक्का आहे.

रस्त्याने मात्र खरी क्रांती केली. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला आणि इगतपुरी-आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा टप्पा ५ जून २०२५ ला. इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरांचा बोगदा कसाऱ्याच्या घाटाला बगल देतो. सोळा तासांचा प्रवास आठ तासांवर आला, असं सरकार सांगतं आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. सरळ रेघ ६८३ आणि रस्ता ७०१, एवढी जवळीक क्वचितच कुठल्या रस्त्याला साधते. फक्त त्या ७०१ ची दोन्ही टोकं पाहा. एक भिवंडीजवळचं आमणे, दुसरं नागपूरच्या बाहेरचं शिवमडका. दादरच्या माणसासाठी प्रवास आमण्याला सुरू होत नाही. भिवंडी-कल्याणच्या अवजड वाहनांतून तिथपर्यंत जाण्यातच त्याचा उत्साह निम्मा होतो. आणि या वेगाची किंमतही आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. आठ तासांचा आकडा कुणी सांगितला की मला ती पहाट आठवते. एका चालकाने रात्रभर, वळण नसलेल्या सरळ रस्त्यावर गाडी हाकून मिळवलेले आठ तास मला नको आहेत.

आता विमान. हिशेब सोपा वाटतो: जेट विमान ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगाने जातं, ६८३ ला ८३० ने भागा, पन्नास मिनिटांच्या आत नागपूर. प्रत्यक्षात तिकिटावर एक तास पंचवीस मिनिटांपासून एक तास चाळीस मिनिटांपर्यंतचा वेळ छापलेला असतो. ही वरची पस्तीस ते पन्नास मिनिटं कुठून येतात, हे समजून घेतलं की वेळापत्रक वाचायची दृष्टीच बदलते.

पहिलं कारण म्हणजे विमान संपूर्ण वाटेवर त्या वेगाने उडतच नाही. चढायला वीसेक मिनिटं, उतरायला तेवढीच किंवा जास्त, आणि दोन्ही वेळा वेग कमी. एवढ्या छोट्या प्रवासात उंचीवर स्थिर उडणं अर्ध्या तासाचंही नसतं. चहा मिळतो न मिळतो तोच पट्टे बांधायची सूचना येते ती यामुळे. दुसरं, मुंबईत बहुतेक वेळा वारा समुद्रावरून येतो आणि विमानाला वाऱ्याच्या तोंडावर उडावं लागतं. त्यामुळे नागपूरला, म्हणजे पूर्वेला, निघालेलं विमान आधी पश्चिमेला अरबी समुद्रावर जातं आणि मग वळून परत मुंबईच्या अंगावरून पुढे निघतं. खिडकीतून आधी पाणी आणि मग ठाण्याची खाडी दिसते ती याच वळणात.

तिसरं कारण सर्वांत मोठं. छापलेला वेळ उड्डाणाचा नसतोच. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे निघाल्यापासून दुसऱ्या गावात ते परत लागेपर्यंतचा तो वेळ असतो. याला धंद्यात ब्लॉक टाइम म्हणतात. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणं, रांगेत उभं राहणं, उतरल्यावर जागेवर पोहोचणं, सगळं त्यात आलं. मुंबईत दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालवता येते. त्या एका पट्टीवर ताशी चाळीस-पंचेचाळीस विमानं चढतात-उतरतात. जगातल्या सर्वांत गजबजलेल्या एकेरी धावपट्ट्यांत तिची गणना होते. मग रांग लागणारच. उतरणाऱ्यांची रांग आकाशात लागते. विमान लांबट वर्तुळात घिरट्या घालतं आणि अशी एक घिरटी साधारण चार मिनिटांची असते. एका जुलैत आम्ही नागपूरहून येताना अशा दहा घिरट्या घातल्या होत्या. शेजारच्या बाईंनी खिडकीतून तीच टेकडी पुन्हापुन्हा पाहिली आणि शेवटी पडदा ओढून घेतला.

अशा उशिरांची सवय झाल्यावर विमान कंपन्यांनी वेळापत्रकातच जागा सोडायला सुरुवात केली. ठरलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटांच्या आत आलेलं विमान ‘वेळेवर’ धरलं जातं, आणि छापील वेळ जितका ऐसपैस तितकी वेळेवर येण्याची टक्केवारी चांगली. ‘दहा मिनिटं आधी पोहोचलो’ ही घोषणा ऐकून आपण खूश होतो. बहुतेकदा ती दहा मिनिटं आपलीच असतात, आधी घेतलेली आणि मग परत दिलेली. मी याला फसवणूक म्हणणार नाही, कारण पुढच्या विमानाची जोडणी असलेल्या प्रवाशाला हा ऐसपैसपणाच वाचवतो. पण प्रत्यक्ष हवेतला वेळ आणि छापील वेळ असे दोन्ही आकडे तिकिटावर का नसावेत, हे मला कधी कळलं नाही.

उरला वारा. हिवाळ्यात आपल्या डोक्यावरच्या उंच थरांत पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात. मुंबईहून नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात हे चित्र उलटतं. उन्हाळी मान्सूनच्या काळात दक्षिण आशियावर वरच्या थरांत पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोत असतो. त्याची नीट ओळख भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ च्या निबंधात जगाला करून दिली. त्याचा गाभा दक्षिण द्वीपकल्पावर आणि विमानांच्याही वर असतो, पण मध्य भारतावरही त्या दिवसांत वरचा वारा पूर्वेचा होतो. ताशी शंभर किलोमीटरचा वारा पाठीशी असणं आणि तोंडावर असणं यात मुंबई-नागपूरला सात-आठ मिनिटांचा फरक पडतो. लंडन-अमेरिकेच्या वाटेवर तोच तासाभराचा होतो.

अंतर लांबवणारा आणखी एक वारा राजकारणाचा असतो. फेब्रुवारी ते जुलै २०१९ मध्ये आणि पुन्हा एप्रिल २०२५ पासून पाकिस्तानचं आकाश आपल्या विमानांना बंद झालं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्यांचे तास वाढले. शहरं जागची हलली नाहीत, तरी लांब गेली. मुंबई-नागपूरला ती झळ नाही.

विमानाच्या इतिहासात नागपूरला मानाचं पान आहे आणि ते आपण विसरलो आहोत. १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून डाकोटा विमानं रात्री निघायची आणि मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र यायची. टपालाच्या पिशव्या आणि प्रवासी यांची अदलाबदल व्हायची आणि विमानं उजाडेपर्यंत आपापल्या गावी परतायची. नागपूरपासून सरळ रेघेत मुंबई ६८३, दिल्ली सुमारे ८५०, मद्रास ९०५ आणि कलकत्ता ९८५ किलोमीटर. या चार आकड्यांवर ती सगळी योजना उभी होती. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. सोनेगावचा तो धुक्यातला गोंगाट आमच्या वडिलांच्या पिढीने ऐकला आहे. झिरो माईलच्या दगडापेक्षा देशाचा मध्य तिथे जास्त खरा होता, असं मी मानतो.

डाकोटाचा वेग ताशी पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर. मुंबई-नागपूरला तिला अडीच तास लागत. आज छापील वेळ दीड तास आहे. पाऊणशे वर्षांत एक तास वाचला. आणि यापुढे तो फारसा वाचणार नाही, कारण प्रवासी जेट विमानांचा वेग १९६० च्या दशकापासून वाढलेला नाही. ध्वनीच्या वेगाजवळ गेलं की हवेचा अडसर आणि इंधन दोन्ही झपाट्याने वाढतात, म्हणून सगळे त्याच्या अलीकडे थांबले. मधल्या रेघेतला वेळ संपत आला आहे. आता जे काही वाचायचं ते टोकांवर.

टोकांचा माझा हिशेब असा. सकाळी साडेसातच्या विमानासाठी मी पहाटे चार वाजता डोंबिवलीतून निघतो. सव्वा तास रस्ता. विमानाच्या तासभर आधी सामानाची खिडकी बंद होते, म्हणून त्याच्याही आधी पोहोचायचं. तपासणी, प्रतीक्षा, दीड तासाचा छापील प्रवास, सामानाचा पट्टा, आणि साडेनऊ-पावणेदहाला धरमपेठेत मावशीचं दार. पावणेसहा तास, त्यांतला हवेतला वेळ जेमतेम सव्वा तास. नागपूरचं टोक मात्र आदर्श आहे. सोनेगाव सीताबर्डीपासून सात-आठ किलोमीटरवर, मेट्रोचं स्टेशन विमानतळाजवळ. तिथून पंचवीस मिनिटांत घर. सगळा भार मुंबईच्या टोकावर पडतो.

तिथे बदल सुरू झाला आहे. ‘मेट्रो ३’ ही भुयारी मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि फोर्टचा माणूस रस्त्यावर न येता विमानतळाखाली उतरू लागला. त्याच महिन्यात नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. पनवेल-वाशीकरांसाठी नागपूर त्यामुळे जवळ आलं. पण कल्याण, डोंबिवली, बदलापूर, विरार इथल्या लाखो माणसांना दोन्ही विमानतळ अजून लांबच आहेत. मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनचा प्रस्ताव कागदावर आहे, त्याबद्दल आज बोलण्यासारखं काही नाही.

टोकांचं महत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतं ते अवयव नेताना. दात्याच्या शरीरातून काढलेलं हृदय साधारण चार तासांच्या आत दुसऱ्या छातीत धडधडायला हवं. नागपूर-मुंबई रस्त्याने आठ तास, म्हणजे रस्ता बाद. रेल्वे बाद. विमान हवेत सव्वा तास, ते जमतं. मग डॉक्टर आणि पोलिस सगळी धडपड कुठे करतात? सांताक्रूझहून रुग्णालयापर्यंतच्या पंधरा-वीस किलोमीटरांत. सिग्नल थांबवून, चौकाचौकांत माणसं उभी करून, ग्रीन कॉरिडॉर करून. ६८३ किलोमीटरांची चिंता कुणाला नसते, शेवटच्या वीसची असते.

विदर्भातून परळच्या टाटा रुग्णालयात येणाऱ्या कुटुंबांना कुणी ग्रीन कॉरिडॉर करून देत नाही. त्यांच्यासाठी आजही रात्रीची गाडीच खरी, कारण ती त्यांना दादरला, रुग्णालयाच्या जवळ, सकाळी आणून सोडते. दिवाळीत आणि उन्हाळी सुटीत त्या गाड्यांचं आरक्षण उघडताच भरतं आणि प्रतीक्षा यादीतली माणसं दारात बसून येतात. विमानाची आणखी पाच मिनिटं वाचवण्यासाठी कोट्यवधी खर्च करण्याआधी, मुंबई-नागपूर रात्रीच्या वेळेला आणखी दोन शयनयान गाड्या द्याव्यात, संध्याकाळी निघून सकाळी आठच्या आत पोहोचणाऱ्या. रेल्वेकडे माझी एवढीच मागणी आहे, आणि ती करणारे आम्ही नागपूरकर मुंबईत काही थोडे नाही.